मानेवरची गाठ आणि मख्ख चेहरा

लहानपणी माझा चेहरा फार बोलका होता. आई नुसती तोंडाकडे बघायची आणि माझी चोरी पकडायची. तो चेहरा मख्ख करायला मला काही वर्षं लागली, आणि ती मी मन लावून घालवली. सोनोग्राफी शिकत होते तेव्हा आमच्या मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "पोटावर मशीनचा प्रोब ठेवला की तुझं तोंड म्हणजे भिंत. गरोदर बाई पडद्याकडे बघत नाही, तुझ्याकडे बघते. तू हसलीस तर मुलगा, ओठ मिटलेस तर मुलगी, असं ती घरी जाऊन सांगणार. आणि त्यापायी एखादी पोर जन्माआधीच संपेल." मला ते तिथल्या तिथे पटलं. जिभेला कुलूप लावणं सोपं असतं. भुवया, डोळे, नाकपुड्या यांना लावायला वेळ लागतो.

२०१४ साली मी डहाणूला आले. सासर बोर्डीचं, चिकूच्या वाडीतलं. पण आम्ही दोघं डहाणू रोडला राहायचो, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथेच एका गल्लीत माझी सोनोग्राफीची खोली होती, आणि आठवड्यातले दोन दिवस मी तलासरीच्या एका छोट्या दवाखान्यात मशीनवर बसायचे. दोन्हीकडे दारावर तोच ठळक अक्षरांचा बोर्ड, की इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे. बोर्ड असूनही विचारणारे विचारतच. एकदा एका गुजराती आजींनी सुनेला टेबलावर झोपवलं आणि लाडात येऊन म्हणाल्या, "डॉक्टरबेन, पेंडा लावूं के जलेबी?" पेढा म्हणजे मुलगा आणि जिलेबी म्हणजे मुलगी, हे या भागात शेंबड्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, "काही आणू नका. सुनेला अजून दोन ग्लास पाणी पाजा, लघवीची पिशवी भरलेली नाही." आजी रुसल्या. माझ्या तोंडावरची रेघ हलली नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

नवरा चिडवायचा. "जेवताना तरी तोंडावरचा दिवा लाव. भाजी आवडली की नाही, एवढं सांगायला काही बंदी नाही." मी हसायचे, पण ते हसूही उशिरा यायचं. दिवसभर मिटलेला चेहरा संध्याकाळी लगेच उघडत नाही.

बाळ जन्मल्यावर या चेहऱ्याचं काय करायचं, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

डहाणूतले एक बालरोगतज्ज्ञ माझ्याकडे तान्ही बाळं पाठवायचे. कोणाची टाळू बघायची, कोणाचं खुब्याचं हाड, आणि अधूनमधून कोणाची मान. मला मान बघायला आवडायचं, कारण ते काम घाई करून होत नाही. तान्ह्या बाळाला मान जवळजवळ नसतेच. हनुवटी सरळ छातीला टेकलेली असते. खांद्यांखाली टॉवेलची सुरळी ठेवली की कुठे जरा जागा मिळते. जेलची बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते, नाहीतर गार लागल्याबरोबर बाळ असा टाहो फोडतं की पुढचा अर्धा तास वाया. आईने पोटभर पाजलेलं असावं, बाळ पेंगुळलेलं असावं, बाहेर गप्पा मारणाऱ्या नातेवाइकांवर मी एकदा खेकसलेलं असावं, मग काम नीट होतं.

जन्मतः मानेवर गाठ दिसली की घरच्यांचं धाबं दणाणतं. पण गाठ आणि गाठ यात फरक असतो. जन्मताना मानेचा स्नायू ताणला गेला, तर काही दिवसांनी त्यातच एक टणक गोळा जाणवायला लागतो. घरात लगेच मालीश करणाऱ्या बाईवर आळ येतो, की हिनेच मान पिरगाळली. मी प्रोब ठेवते, गोळा स्नायूच्या आतच आहे, त्याच्याबरोबरच सरकतोय हे दिसतं, आणि मालीशवाली सुटते. व्यायामाने तो गोळा विरून जातो. गळ्याच्या मधोमध गाठ असली की मी आधी थायरॉइडची ग्रंथी तिच्या जागेवर आहे का ते शोधते. कारण कधी कधी ती गाठ हीच त्या बाळाची एकुलती एक ग्रंथी असते, आणि कोणी ती साधी पिशवी समजून काढून टाकली तर आयुष्यभराचं नुकसान. आणि काही गाठी म्हणजे नुसत्या पाण्याच्या पिशव्या. अंगात झिरपणारं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या गर्भातच नीट जुळल्या नाहीत की ते पाणी मानेत साठत जातं. पडद्यावर ते डाळिंब फोडल्यासारखं दिसतं, पातळ पापुद्र्यांनी वेगळे केलेले कप्पेच कप्पे. हा कॅन्सर नाही. पण ही पिशवी शिस्तीत एका जागी बसत नाही, रक्तवाहिन्यांच्या मधून, जिभेखाली, कॉलरच्या हाडामागून छातीत, जिकडे वाट मिळेल तिकडे शिरते. त्यामुळे तिथे माझं खरं काम गाठीचं नाव सांगणं हे नसतंच. ती किती खोल गेली आहे आणि श्वासनलिका कुठे आहे, हे सांगायचं असतं.

ते बाळ थंडीच्या दिवसांत आलं. तलासरीच्या पुढे, डोंगराच्या बाजूच्या एका पाड्यावरचं. आई विशीतली, बरोबर सासू. बाळाचा बाप गुजरातमधल्या एका मच्छीमार बोटीवर खलाशी होता. तिकडची बरीच माणसं पावसाळा संपला की बोटींवर जातात, आणि बोट समुद्रात असली की फोन लागत नाही. बाळाच्या डाव्या जबड्याखाली लहान चिकूएवढी मऊ गाठ होती. बालरोगतज्ज्ञांनी तपासून माझ्याकडे पाठवलं होतं आणि फोनवर म्हणाले होते, "मॅडम, खाली छातीत उतरलीय का तेवढं नीट बघा. मला जरा काळजी वाटते."

मी बघितलं. कप्पे होते, भरपूर होते. त्यांत रक्ताचा प्रवाह नव्हता. मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढा घालून ते खाली कॉलरच्या हाडामागे गेले होते. श्वासनलिका उजवीकडे सरकली होती, पण उघडी होती. बाळ तेव्हा छान श्वास घेत होतं. पण अशा पिशवीत कधी रक्तस्राव होतो, कधी साध्या सर्दीने ती सुजते, आणि मग काही तासांत नळी चेपली जाऊ शकते. म्हणजे बाळाला लवकरात लवकर मुंबईला, लहान मुलांच्या सर्जनकडे नेणं भाग होतं. उपाय होता. तो वेळेत होणं एवढाच प्रश्न होता.

हे सगळं मी मनात जुळवत होते आणि आई माझ्याकडे बघत होती. पडद्याकडे नाही, बाळाकडे नाही. पडदा तसाही तिच्याकडे नव्हताच. माझ्या खोलीत तो कायम माझ्याच बाजूला वळवलेला असायचा. मी काम संपवलं, बाळाची मान कोरड्या कपड्याने पुसली, रिपोर्ट टाइप केला, आणि नेहमीप्रमाणे म्हटलं, "हा घेऊन आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जा. इथून दोन गल्ल्या सोडून आहेत. पुढचं ते नीट समजावून सांगतील. काही विचारायचंय?"

"नाय, बाय," ती म्हणाली.

सासूनेही काही विचारलं नाही. दोघी बाळाला घेऊन गेल्या. आमच्याकडे पद्धत अशीच आहे. रिपोर्ट आम्ही लिहितो, सांगतो तो उपचार करणारा डॉक्टर. तरी मी मनात चरफडले. स्वतःच्या बाळाबद्दल एक प्रश्न नाही? काय माणसं आहेत!

दुसऱ्या दिवशी बालरोगतज्ज्ञांचा फोन आला. "मॅडम, त्या बाळाचा रिपोर्ट झाला का? कोणी आलंच नाही माझ्याकडे." मला आधी वाटलं, त्या उशिरा पोचल्या असतील, दवाखाना बंद झाला असेल. पण त्या दोघींनी दिलेला फोन नंबर बंद होता. मग त्या पाड्यावर आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना फोन केला. त्या चौकशी करून म्हणाल्या, "घरीच आहेत, मॅडम. काल दुपारीच परत आल्या जीपने. आई कोणाशी बोलत नाही. बाळाला घेऊन बसून आहे नुसती."

माझं डोकं फिरलं. ते फिरायला फार काही लागत नाही, घरी विचारा. त्या दिवशी माझी तलासरीची पाळी होती. दुपारी पेशंट संपले तशी मी आशाताईंना म्हटलं, "चला, दाखवा घर." मशीन बरोबर नेता आलं असतं तर तिथेच बघितलं असतं, पण नोंदणी झालेलं मशीन खोलीबाहेर काढणं हाही गुन्हाच. रस्ताभर मी मनात भाषण तयार करत होते. ते भाषण चांगलं कडक होतं.

कुडाचं घर होतं, पुढे सारवलेलं अंगण. आत वाशाला बांधलेली बाळाची झोळी रिकामी लोंबत होती. आई खांबाला टेकून बसली होती, बाळ तिच्या खांद्यावर, उभं धरलेलं. श्वास घेताना त्याच्या घशातून घुरघुर आवाज येत होता. आदल्या दिवशी तो नव्हता. गाठही आता किंचित निळसर आणि जास्त ताणलेली दिसत होती. भीती वाटली की मी आवाज चढवते, तसा चढवला. "रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे का नाही गेलीस? तुला आत्ताच्या आत्ता जा म्हटलं होतं ना मी?"

उत्तर सासूने दिलं. "काय करायचा जाऊन? तुम्ही तर सांगला नाय काय."

"मी नाही सांगत. डॉक्टर सांगतात."

"तुमाला बंदी आहे ना, बाय," आई पहिल्यांदाच बोलली. तिचा आवाज अगदी शांत होता. "बोर्ड लावला आहे. बाळाचा सांगायचा नाय, सांगला तर जेल. आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे."

"अगं, ते पोटातल्या बाळाचं. मुलगा का मुलगी, तेवढंच. जन्मलेल्या बाळाच्या आजाराचं सांगायला कसली बंदी?"

तिने मान हलवली, लहान मुलाला समजावतात तशी. "मी तुमचा तोंड बघला. त्यावर काय पण नव्हता. बाळ बरा असता तर तुम्ही हसलां असतां. बरा असल्यावर हसायाला कुठं बंदी आहे? मंग मी जाणला, हा ऱ्हायचा नाय. तुमाला बोलाया येत नाय, म्हणून गप आहेत. मुंबैला नेला तर काचेत ठेवतील, मना हात लावू देणार नाय. जेवढा आहे तेवढा माझ्या हातात ऱ्हाऊ दे."

आशाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, की आल्यापासून तिने त्याला झोळीत ठेवलेलं नाही, रात्रीसुद्धा असंच खांद्यावर धरून बसली होती.

माझं भाषण कुठल्या कुठे गेलं. मला राग आला होता, तो तसाच होता, पण आता कोणावर काढायचा ते कळेना. कायदा चांगला आहे, मी आजही त्याच्या बाजूची आहे. माझा चेहरा त्या कायद्यासाठीच घडवला होता. आणि ही पोर काही वेडी नव्हती. तिने त्या चेहऱ्याचा लावता येईल तोच अर्थ लावला होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. साडीला शेण लागेल वगैरे काही मनात आलं नाही.

"ऐक," मी म्हटलं. "मला बंदी नाही. मी सगळं सांगते. तुझ्या बाळाच्या मानेत पाण्याच्या पिशव्या आहेत. त्या श्वासाच्या नळीला ढकलतायत. काल नळी चांगली उघडी होती. आज हा आवाज येतोय म्हणजे पिशवी वाढलीय, हे वाईट आहे. पण यावर औषध आहे. मुंबईला सुईने ते आत सोडतात, पिशव्या आकसतात. वेळेवर नेलं तर हा जगेल. मी हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाही."

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडावर त्या वेळी काय होतं, हे मला खरंच ठाऊक नाही. इतक्या वर्षांनी मी त्याच्यावर लक्ष ठेवायचं विसरले होते.

सासू पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "बाय, तुम्ही हे सांगितलां, त्याचा तुमाला काय होणार नाय ना? कोणी धरून नेणार नाय?"

मला हसू यावं की रडू, कळेना. म्हटलं, "नाही हो, मावशी. कोणी नाही नेणार."

पण आई उठली नाही. तिचा विश्वास बसला नव्हता. तिचं बाळ श्वासासाठी धडपडत होतं, आणि ती अजूनही ठरवत होती, की उरलेला वेळ त्याला हातात ठेवायचं की एका मख्ख बाईच्या शब्दावर सोडून द्यायचं. शेवटी मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नको ठेवूस. तलासरीला मशीन आहे. तू स्वतः बघ. मग पुढे जायचं का परत घरी यायचं, ते तू ठरव." त्यावर ती उठली.

आशाताईंनी वाटेतच फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स सांगून ठेवली. दवाखान्यात बाळाला टेबलावर आडवं केलं तर घुरघुर वाढली, म्हणून मी आईलाच टेबलावर बसवलं आणि बाळ तिच्या छातीशी तिरकं धरायला सांगितलं. जेल कोमट करायला वेळ नव्हता, बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळली. मग मी पडद्याचा दांडा धरून तो तिच्याकडे फिरवला. पडदा कुरकुरला. तो त्या बाजूला कधी फिरलाच नव्हता.

"हे बघ. हे काळं काळं सगळं पाणी. मधले हे पांढरे पापुद्रे. आणि इथे, या कप्प्यात धुरळा दिसतोय ना? ते रक्त. काल नव्हतं. रात्रीत आत रक्त साचलंय, म्हणून गाठ फुगली. आता इकडे बघ. ही पांढरी कमान दिसते? ही त्याची श्वासाची नळी. ही सरळ मध्ये असायला हवी होती, ती इथे ढकलली गेलीय. कालच्यापेक्षा अरुंद आहे. पण उघडी आहे. हा श्वास घेतला बघ त्याने. हा सोडला."

तिने बोट पुढे केलं आणि पडद्याच्या काचेवर, बरोबर त्या कमानीवर टेकवलं. बाळ श्वास घेत होतं तशी तिच्या बोटाखाली ती कमान किंचित हलत होती.

"हा त्याचा दम?"

"हो."

"चालू आहे."

"आहे. पण अशीच गाठ वाढत गेली तर राहणार नाही. मी खोटं सांगणार नाही."

तिने बोट काचेवरून काढलं. मग सासूकडे वळून म्हणाली, "मुंबैला जाऊ." सासूने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि बाळाचं फडकं गोळा करायला लागली. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन होता, बालरोगतज्ज्ञांनी पुढे फोन करून ठेवला होता. मी खिडकीशी जाऊन ड्रायव्हरला उगाचच दोन वेळा सांगितलं की सांभाळून ने. तो म्हणाला, "मॅडम, रोजचंच आहे." मला त्याचाही राग आला.

पुढचे दिवस माझं कशात लक्ष लागलं नाही. बालरोगतज्ज्ञांचा फोन वाजला की मी प्रोब टेबलावर तसाच ठेवून बाहेर जायचे. मुंबईला पोचल्यावर बाळाच्या श्वासनलिकेत नळी घालावी लागली. एमआरआय झाला, पिशवी छातीत वरच्या भागापर्यंत होती, हृदयापर्यंत नव्हती. साचलेलं रक्त सुईने काढलं आणि औषध सोडलं. मग ताप आला. मग उतरला. नळी काढली, ती परत घालावी लागली, परत काढली. त्या दिवसांत मी घरी नवऱ्याशी दोनदा काही कारण नसताना भांडले. तो म्हणाला, "बाळ बरं होऊ दे, मग भांडणाचा निकाल लावू." माझ्या तोंडावरून आता त्याला सगळं कळत होतं, ही एक नवीनच कटकट होती.

बाळ वाचलं. पहिल्यांदा घरी आलं तेव्हा गाठ निम्मी झाली होती, मग औषध टोचण्यासाठी दोनेक वेळा परत न्यावं लागलं. त्या वेळा त्यांनी चुकवल्या नाहीत.

मी माझ्या खोलीत एक बदल केला. तान्हं बाळ आलं की पडदा आईकडे फिरवायचा, आणि आधी बोलायचं, मग टाइप करायचं. बालरोगतज्ज्ञ एकदा कुरबुरले, की मॅडम, तुम्हीच सगळं सांगितल्यावर मी काय सांगू? मी म्हटलं, तेच परत सांगा, दोनदा ऐकलेलं बरं. गरोदर बायांसाठी चेहरा जुनाच ठेवला. सकाळी एक, दुपारी दुसरा, असं करताना कधी कधी गोंधळ उडतो, आणि मग एखादी आजी पदराआड हसते.

बोटी बंद होऊन बाप गावी आला, भाताची लावणी उरकली, तेव्हा ती मंडळी बाळाला घेऊन तपासणीसाठी माझ्याकडे डहाणूला आली. बाळ आता गुटगुटीत झालं होतं, प्रोब धरायला हात पुढे करत होतं. डाव्या जबड्याखाली बोराएवढा उंचवटा उरला होता. आतले कप्पे आकसून चपटे झाले होते, कॉलरच्या हाडामागे जवळजवळ काही नव्हतं, आणि श्वासनलिका पुष्कळशी मध्ये आली होती. मी प्रत्येक गोष्ट दाखवत गेले. बाप दर वाक्याला "हां, हां" करत होता, आणि बोटीवर त्याला ही बातमी कशी उशिरा कळली ते मध्येच सांगत होता. मला फार आनंद झाला होता आणि मी तो दाखवत होते. बाळ कंटाळून रडायला लागलं तसा बाप त्याला घेऊन बाहेर गेला.

आई मागे थांबली. मला वाटलं, औषधाचं काही विचारायचं असेल.

"बाय, ह्याच्या आधी एक होता मना," ती म्हणाली.

मला हे ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी हातातला कपडा खाली ठेवला.

"मी माहेरी होती तवा. तिकडं गुजरातेत एका ठिकाणी मशीनवर बघला. खूप वेळ बघला. तो डॉक्टर पण गप होता. बोलला, मोठ्या डॉक्टरला दाखवा. मना वाटला, बंदी आहे म्हणून बोलत नाय. घरी आलो आम्ही. मंग मेलेला झाला." ती हे सांगताना रडत नव्हती. "ह्याच्या वेळी तुम्ही तशाच गप होतात."

 बाहेर बाप बाळाला काहीतरी गाणं म्हणून दाखवत होता.  ती तेव्हा घरी का परत गेली होती, हे मला आता कुठे पूर्ण कळलं.

"कुठली जागा होती ती?" मी विचारलं. "कोण डॉक्टर?"

"नाय ठाऊक. जीपनं गेलो होतो."  बोलता बोलता ती टेबलाच्या कडेवर बसली होती, आणि आता तिने लाजत पोटावरचा पदर थोडा बाजूला केला. "तुमचा मशीन आतला दाखवतो ना, बाय. ह्याचा दम दाखवलां मना, तसा. पोट तर माझा तोच आहे. मंग त्याला काय झाला होता, ते आता बघून कळंल? त्याचा दम का बंद पडला?"

मी तिच्या शेजारी बसले. तिचा हात धरला.

"नाही," मी म्हटलं. "आता तिथे काहीच दिसणार नाही. आणि तेव्हा काय झालं होतं, ते मला माहीत नाही. कोणालाच आता सांगता येणार नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायलाही मी हात सोडवून घेतला नाही. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली, खात्री करून घेतल्यासारखी.

"मंग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, पदर सारखा केला आणि टेबलावरून खाली उतरली.